नववीच्या पुस्तकात हा पाठ कधी येणार? शालेय शिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे,
मा. संचालक, बालभारती, पुणे.

विषय : इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना मानवी तस्करी आणि तिच्या प्रतिबंधाविषयी रीतसर शिक्षण देण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. यंदा शाळा सुरू होताना मी वरिष्ठ कार्यालयाकडे एक साधी परवानगी मागितली होती. मानवी तस्करी म्हणजे काय, आपल्या भागात ती कशी चालते आणि तिच्यापासून स्वतःला व आपल्या मैत्रिणीला, भावाला कसे वाचवायचे, यावर आठवी ते दहावीच्या वर्गांचे काही तास दिवाळीच्या सुटीआधी घेऊ द्यावेत, एवढीच ती विनंती होती. उत्तर तोंडी आले. विषय अभ्यासक्रमात नाही, पालकांनी हरकत घेतली तर जबाबदारी तुमची राहील, आणि काही करायचेच असेल तर ३० जुलैला मानवी तस्करीविरोधी दिनाची शपथ घेऊन फोटो ग्रुपवर टाका, असे मला सांगण्यात आले. ज्यांनी हे सांगितले त्यांच्यावर माझा राग नाही, कारण पुस्तकात नसलेल्या गोष्टीला परवानगी देणे त्यांच्या हातात नव्हते. ते आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे आणि सर्वांच्या देखत लिहीत आहे.

आत्ताच लिहिण्याला आणखी एक कारण आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलायला घेतला असून २०२५-२६ मध्ये पहिलीपासून त्याची सुरुवात झाली. जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार नववीची नवी पुस्तके २०२७-२८ मध्ये आणि आठवी व दहावीची २०२८-२९ मध्ये येणार आहेत. पुस्तक एकदा छापून झाले की पुढची कित्येक वर्षे ते हलत नाही, हा आम्हा शिक्षकांचा अनुभव आहे. त्यामुळे जे सांगायचे ते समित्या बसलेल्या असतानाच सांगितले पाहिजे.

आमच्या भागात दिवाळी ही सुटीपेक्षा निघण्याची वेळ असते. भात कापून झाले की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या वाड्यापाड्यांवरची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात, काही वीटभट्ट्यांवर जातात, काही त्याहून लांब जातात. पहाटे जीप येते, बोचकी टपावर चढतात, आणि सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा वर्गातले मागचे दोन-तीन बाक रिकामे असतात. या स्थलांतराशी माझे भांडण नाही. डोंगरात काम नसते, पोट असते, आणि कष्ट करायला परगावी जाणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु याच गर्दीत, याच जीपमधून, कधी उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या, बदल्यात, कधी स्थळाच्या नावाखाली, कधी 'शहरात चांगले काम आहे' असे सांगून, काही मुले अशा ठिकाणी पोहोचतात जिथून त्यांना स्वतःच्या मर्जीने परत येता येत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी वस्तीवर जे उघडकीस आले ते आपण विसरला नसाल. काही शे-हजार रुपये आणि एखादी मेंढी एवढ्या मोबदल्यात त्या वस्तीवरची मुले तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे कामाला ठेवली गेली होती. त्यांतील एक जेमतेम दहा वर्षांची मुलगी मरणासन्न अवस्थेत घरी आणून सोडली गेली आणि पुढे उपचारांदरम्यान दगावली. त्यानंतर चौकशा झाल्या, वेठबिगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हे दाखल झाले, आणखी मुले सोडवली गेली. १९७६ साली संसदेने वेठबिगारी कायद्याने संपवली होती. तिथून ४६ वर्षांनी, मुंबई-आग्रा महामार्गापासून हाकेच्या अंतरावर, हे घडले. वर्तमानपत्रांनी लिहिले, मंत्री येऊन गेले, समित्या नेमल्या गेल्या. आमच्या वर्गात मात्र त्याविषयी बोलायला ना पाठ होता ना तास.

माझा स्वतःचा संबंध याहून जवळचा आहे. माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी अशाच एका दिवाळीनंतर परत आली नाही. नात्यातल्या एका बाईने परराज्यातले स्थळ आणले होते. मुलाकडच्यांनी हुंडा मागितला नाही, लग्नाचा खर्च स्वतः केला आणि वर बापाच्या हातावर पैसे ठेवले. घरच्यांना यात वावगे काही दिसले नाही. उलट मुलीचे नशीब उघडले अशीच पाड्यावर चर्चा होती. काही महिन्यांनी ती परतली. तिथे तिच्या वाट्याला काय आले ते तिचे आहे आणि मी ते इथे लिहिणार नाही. मी फक्त आमच्या कागदांवर काय उमटले ते सांगते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'सतत गैरहजर' असा शेरा पडला, आणि शाळा व विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी यू-डायस पोर्टलवर तिचे नाव 'ड्रॉपबॉक्स' नावाच्या कप्प्यात गेले. दुसऱ्या शाळेने उचलून घेईपर्यंत मूल जिथे पडून राहते तो हा कप्पा. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६, बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ आणि मानवी तस्करीचे कलम, या तिन्हींखाली तपास व्हावा असे ते प्रकरण होते, पण त्यातला एकही शब्द कोणी कुठे उच्चारला नाही. तिच्या बापाला ते शब्द माहीत नव्हते हे समजू शकते. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हते, आणि ती माझ्या वर्गात राज्यशास्त्र शिकत होती.

आता माझे आक्षेप.

पहिला आक्षेप पुस्तकांवर आहे. संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी या दोन्हींना मनाई केली आहे, आणि शोषणाविरुद्धचा हक्क म्हणून सातवीच्या नागरिकशास्त्रात ते येते. मुले ते पाठ करतात, एका गुणाच्या प्रश्नात लिहितात आणि आठवीत जाऊन विसरतात. नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रे आहेत, परराष्ट्र धोरण आहे, आंतरराष्ट्रीय समस्यांमध्ये दहशतवाद आणि निर्वासितांचा प्रश्न आहे. दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीपुढील आव्हाने आहेत. हे सगळे शिकवायला मला आवडते आणि यातले काहीही काढा असे मी म्हणत नाही. जलसुरक्षेसारखा स्वतंत्र विषय नववी-दहावीला आणता आला, स्व-विकास व कलारसास्वाद आणता आला, ही चांगलीच गोष्ट आहे. मग ज्या धोक्यात हीच मुले, याच वयात सापडतात त्याच्यासाठी पंधरा पाने का निघू नयेत?

याच वयात, असे मी जाणूनबुजून म्हणते. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आठवी संपली की सक्तीच्या मोफत शिक्षणाचे कवच सुटते. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना, घरच्या उद्योगात मदत करण्यासारखे मोजके अपवाद वगळता, कामावर ठेवण्यास बंदी आहे, पण चौदा ते अठरा या वयातील मुलांना केवळ धोकादायक कामांची मनाई आहे. म्हणजे मूल नववीत येते तेव्हा दोन्ही कायद्यांची पकड एकदमच सैल होते, आणि नेमके तेव्हाच घरात त्याच्या हाताचा किंवा तिच्या लग्नाचा हिशेब सुरू होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले; परभणी आणि बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होते. तिकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मजुरांची टोळी नेणारा मुकादम उचल कोयत्यावर देतो, त्यामुळे लग्न लवकर उरकण्यामागे रोख पैशाचे कारणही असते. प्रत्येक बालविवाह म्हणजे तस्करी नव्हे, परंतु तस्करीला लग्नाइतके सोयीचे दुसरे आवरण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपण मुलांना काहीच सांगत नाही असे नाही. आपण त्यांना चुकीचे सांगतो. अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नका, मुले पळवणारी टोळी आली आहे, काळ्या काचांची गाडी दिसली की पळा. एवढ्यावर आमचे प्रबोधन थांबते. प्रत्यक्षात जो घेऊन जातो तो बहुधा ओळखीचा असतो. तो गावातलाच मुकादम असतो, लांबची मावशी असते, मोठ्या बहिणीच्या सासरचा कोणी असतो, इन्स्टाग्रामवर तीन महिने गोड बोललेला 'मित्र' असतो. तो ओढून नेत नाही, तिकीट काढून देतो. त्याच्या हातात चॉकलेट नसते, कामाचा प्रस्ताव असतो, आणि जाणारे मूल बहुतेक वेळा आनंदाने, नवे कपडे घालून जाते. त्यामुळे पुढे पोलीस, नातेवाईक आणि कधीकधी शिक्षकही 'ती तर स्वतःहून गेली' असे म्हणून मोकळे होतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये, आणि त्याआधी २०१३ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये, स्पष्ट लिहिले आहे की बळीची संमती ही तस्करीचा गुन्हा ठरवताना विचारात घेतली जाणार नाही. फसवणूक, प्रलोभन, अधिकाराचा गैरवापर, एवढेच काय, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याला पैसे देणे, ही सगळी साधने त्या कलमात मोजली आहेत. अल्पवयीनाच्या बाबतीत किमान शिक्षा दहा वर्षांची आहे. संमतीविषयीचे हे एक वाक्य जर प्रत्येक मुलीला माहीत असेल तर संकटातून परतताना ती निदान स्वतःला दोष देत परतणार नाही.

अर्धवट भीती पसरवण्याची किंमत आपण या राज्यात मोजलेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या झाली, त्यामागेही अशाच अफवा होत्या. मुले नेली जातात ही गोष्ट लोकांच्या मनात खोल बसलेली आहे. कोण नेतो आणि कसा नेतो याची माहिती नसल्यामुळे संशय नेहमी परक्यावर, भटक्यावर, गरिबावर जातो आणि मुलाला नेण्यासाठी शाळेचा दाखला मागायला आलेला 'मामा' चहा पिऊन निघून जातो. या विषयाने मुले घाबरतील असे जे म्हणतात त्यांनी राईनपाड्याचा विचार करावा. मुले आधीच घाबरलेली आहेत. त्यांच्या भीतीला पत्ता मिळालेला नाही.

तिसरे, हा विषय म्हणजे केवळ मुलींचा आणि केवळ वेश्याव्यवसायाचा, असा जो समज शपथेच्या मजकुरातूनही डोकावतो, तो सोडला पाहिजे. कामाठीपुरा आणि बुधवार पेठेचे वास्तव कोणी नाकारत नाही. पण मेंढ्यांमागे पाठवलेले मुलगे, कोळसा पाडायला आणि वीटभट्टीवर बयाणा घेऊन नेलेली कातकरी कुटुंबे, शहरातल्या फ्लॅटमध्ये कोंडून ठेवलेल्या कामवाल्या मुली, हेही त्यातच येते. जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात ढोकी परिसरात विहिरी खोदण्यासाठी आणलेल्या मजुरांना रात्री साखळीने बांधून ठेवले जात होते. ते सगळे धडधाकट पुरुष होते. आणि ज्यांना वाटते की हे फक्त अडाण्यांचे दुखणे आहे, त्यांनी म्यानमारमधील म्यावड्डीकडे पाहावे. डेटा एन्ट्रीची, कॉल सेंटरची नोकरी म्हणून थायलंडला बोलावलेल्या तरुणांना तिथे सीमेपलीकडे नेऊन, पासपोर्ट काढून घेऊन, ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले जात होते. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले, आणि महाराष्ट्र सायबर विभागालाही आपल्याकडच्या एजंटांवर कारवाई करावी लागली. इंग्रजी येणारी, संगणक येणारी ही मुले होती. दहावीनंतर 'फॉरेनला जॉब' शोधणारा माझ्या शाळेतला मुलगा आणि पुण्याच्या कोथरूडमधला मुलगा या बाबतीत एकाच होडीत आहेत.

२०२२ या वर्षात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे देशभरात मानवी तस्करीचे २,२५० गुन्हे नोंदले गेले. त्यांतल्या बळींची संख्या सहा हजारांवर होती आणि जवळजवळ निम्मे बळी अठरा वर्षांखालचे होते. हे नोंदले गेलेले. ड्रॉपबॉक्समधली मुले यात नाहीत.

चौथा आक्षेप कागदावरच्या यंत्रणांविषयी आहे आणि तो मी थोडक्यात मांडते, कारण तो आपल्यालाही ठाऊक आहे. २०२२ मध्ये शासनाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती नेमायला सांगितले, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर पुन्हा सांगितले, तक्रारपेट्या आल्या, गावोगावी ग्राम बाल संरक्षण समित्या आहेत. समितीचा फलक लागतो, सदस्यांची नावे रंगवली जातात, इतिवृत्त लिहिले जाते. पण मूल वर्गातून नाहीसे झाल्यावर समितीने कोणत्या दिवशी, कोणाला, काय कळवायचे हे कोणी शिकवलेले नाही. शिक्षकांना या विषयाचे प्रशिक्षण नाही. पोक्सोखालील गुन्ह्याची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे आपल्यावर कायद्याने बंधनकारक आहे, हेसुद्धा अनेक सहकाऱ्यांना बदलापूरनंतरच समजले. १९९६ साली याच राज्यात, मुंबईत, चाइल्डलाइनची १०९८ ही सेवा सुरू झाली. आता ती ११२ शी जोडली गेली आहे. हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर आहेत. पण कधीही न लावलेला नंबर संकटात लावता येत नाही. समोरून कोण बोलेल, काय विचारेल, आपण कुठे आहोत हे माहीत नसेल तर काय सांगायचे, हे आधी एकदा वर्गात करून पाहिलेले असावे लागते.

हे शिकवणे अवघड आहे का? गेल्या वर्षी एका मोकळ्या तासाला मी दहावीच्या फळ्यावर एक जाहिरात लिहिली: 'पुण्यात शिवणकाम. पगार महिना अठरा हजार. राहणे-जेवण फुकट. शिक्षणाची अट नाही. मूळ आधार कार्ड सोबत आणावे. गाडी आज रात्री.' आणि विचारले, यावर तुम्ही काय विचाराल? पाच मिनिटे कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, शिवता येतं का ते तर विचारलंच नाही?" त्यानंतर थांबवणे कठीण झाले. मूळ आधार कशाला, झेरॉक्स का चालत नाही. कारखान्याचे नाव काय. आजच रात्री का. पहिला पगार किती तारखेला. मधेच यायचे झाले तर सोडतील का. तिथे आधीपासून काम करणाऱ्या कोणाशी फोनवर बोलता येईल का. एका मुलीने विचारले की आपण नाही म्हटल्यावर तो रागावला तर समजायचे ना? हा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यातही नव्हता. एवढ्या एका तासात कुठेही लैंगिक शब्द आला नाही, कोणी घाबरले नाही, कोणत्याही पालकाने तक्रार केली नाही.

त्याच तासाला एक मुलगा खाली मान घालून बसला होता, कारण त्याचे वडील मुकादम आहेत, मजुरांची टोळी नेतात. आमच्याकडे मुकादमाचा मुलगा आणि मजुराची मुलगी एकाच वर्गात असतात, आणि सगळेच मुकादम खलनायक नसतात. कित्येक जण स्वतः कारखान्याच्या किंवा बागायतदाराच्या पैशात अडकलेले असतात. म्हणूनच हा पाठ पुण्या-मुंबईत बसून इंग्रजी पुस्तिकेवरून उतरवून काढता येणार नाही.

एक धोका मी स्वतःच सांगून ठेवते. वाईट पद्धतीने शिकवले तर या विषयाचा निष्कर्ष 'मुलींनी घराबाहेर पडू नये, मोबाइल वापरू नये' असा निघेल आणि ज्या मुली बारावीपर्यंत पोहोचल्या असत्या त्यांची शाळा दहावीतच सुटेल. तसे होणार असेल तर हा पाठ नसलेलाच बरा. बाहेर जाणे थांबवायचे नाही. कसे जायचे ते शिकवायचे: जाण्याआधी पत्ता आणि मालकाचे नाव घरी व शाळेत लिहून ठेवणे, उचल घेतली तर किती घेतली याचा कागद मागणे, मूळ कागदपत्रे कोणाच्या हाती न देणे, घरच्यांशी ठरवलेला एक खुणेचा शब्द, आणि कुठल्याही पोलीस ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न येता, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घेणे बंधनकारक आहे ही माहिती. पश्चिम बंगालमध्ये दक्षिण चोवीस परगण्यातून सुरू झालेल्या 'स्वयंसिद्धा' उपक्रमात पोलिसांनी शाळाशाळांत मुलामुलींचे गट करून बालविवाह आणि तस्करीविषयी असेच काम केले आणि पुढे ते राज्यभर नेले. जो जिल्हा मुली हरवण्यासाठी बदनाम होता तिथे हे होऊ शकते, तर सावित्रीबाईंच्या नावाने समित्या काढणाऱ्या राज्यात ते अशक्य नसावे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. नववी आणि दहावीच्या नव्या पाठ्यपुस्तकांत मानवी तस्करी, वेठबिगारी आणि सुरक्षित स्थलांतर यांवर सलग पाठ असावा. तो लिहिणाऱ्या गटात मजूर संघटनांचे कार्यकर्ते, पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षातील अनुभवी अधिकारी आणि, त्यांची तयारी असेल तर, या अनुभवातून बाहेर आलेल्या स्त्री-पुरुष व्यक्ती असाव्यात.

२. नवी पुस्तके येईपर्यंत थांबू नये. आठवी ते दहावीसाठी एक छोटी हस्तपुस्तिका येत्या शैक्षणिक वर्षात द्यावी आणि स्व-विकासाच्या तासिकांमधून ती शिकवण्याची लेखी परवानगी द्यावी. हे तास दिवाळीच्या सुटीआधी व्हावेत; जानेवारीत शिकवून उपयोग नाही, तोवर जायची ती मुले गेलेली असतात. ज्या भागात गरज आहे तिथे कोकणा, वारली, भिल्ली, कातकरी बोलणाऱ्या मुलांना समजेल अशा भाषेत ते तास घ्यायला मुभा असावी.

३. या पाठावर गुणांची परीक्षा नको. वर्गात कोणत्याही मुलाला स्वतःची किंवा घरची हकीकत सांगायला लावू नये, आणि ज्यांच्यावर असे प्रसंग आले त्यांचे फोटो किंवा नावे कोणत्याही अहवालात, कोणत्याही ग्रुपवर जाऊ नयेत.

४. प्रत्येक माध्यमिक शाळेतील किमान दोन शिक्षकांना, त्यांत एक शिक्षिका, जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या मदतीने प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावे. ऑनलाइन व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र छापण्याचा प्रकार कृपा करून नको.

५. कोणत्याही मुलाचे नाव ड्रॉपबॉक्समध्ये टाकण्याआधी गृहभेट सक्तीची करावी. मूल कुठे आणि कोणासोबत गेले याची नोंद सखी सावित्री समितीने ठरलेल्या मुदतीत ग्राम बाल संरक्षण समितीला द्यावी, आणि ठावठिकाणा लागत नसेल किंवा लग्नाचा संशय असेल तर बाल कल्याण समिती व पोलिसांना कळवावे. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे. अडचण एवढीच आहे की आमच्या मुलांना 'हरवलेले' म्हणायला कोणी तयार नसते. हे काम करणाऱ्या मुख्याध्यापकावर पटसंख्या घटल्याचा ठपका येणार नाही, याचीही लेखी हमी हवी, नाहीतर नोंद होणारच नाही.

६. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे हंगाम सुरू होण्याआधी उघडावीत आणि नववी-दहावीच्या मुलामुलींनाही त्यांत जागा मिळावी. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे आहेत, तेव्हा या सर्व बाबी त्या विभागाशी मिळून ठरवाव्यात. पाड्यावरच्या मुलाला आपला विभाग कोणता हे माहीत नसते.

या पत्राची प्रत मी माझ्या शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवली असून पालकांनी, त्यांत टोळी नेणारे दोघेही होते, मागण्यांना हरकत घेतलेली नाही. पाठ्यपुस्तक समितीने हस्तपुस्तिकेचा मसुदा करायला घेतला तर आमच्या भागातील शिक्षक त्यासाठी सुटीचे दिवस द्यायला तयार आहेत आणि फळ्यावरच्या त्या जाहिरातीसारखे बरेच साहित्य आमच्याकडे जमलेले आहे. नववीच्या पुस्तकात या पाठाला जागा आहे की नाही, आणि नसेल तर कोणत्या कारणाने नाही, याचे लेखी उत्तर विभागाने येत्या दिवाळीच्या सुटीपूर्वी जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका,
नाशिक जिल्हा